फुटाणेवाल्या बाई

भंडाऱ्याच्या कोर्टात समुपदेशन करणाऱ्या बाईंसमोर कोणी आवाज चढवला, की त्या पिशवीत हात घालून त्याच्या तळहातावर मूठभर फुटाणे ठेवत. "आधी हे चावा, मंग बोला." तोंडात फुटाणे असले की माणसाला ओरडता येत नाही, हे त्यांचं सगळं शास्त्र. त्या खोलीत माझ्याइतके फुटाणे कोणीच खाल्ले नसतील. माझी बाजू खरी होती, म्हणून आवाज मोठा होता.

मी मोहाडीचा बैलांचा व्यापारी. एका गोऱ्ह्यावर धंदा उभा केला. बायकोशी पटलं नाही, घटस्फोटाला दोघंही तयार होतो. अडलं होतं ते आठ वर्षांच्या सोनूवर. घर मी बांधलं, म्हणून पोर माझ्याकडे, असा माझा साधा हिशेब. बाई म्हणाल्या, "भाऊ, इथं बाप मोठा नाही, मायही मोठी नाही. लेकराचं भलं कशात, एवढंच कोर्ट पाहते." मी आवाज चढवला. फुटाणे मिळाले.

सोनू तेव्हा कोणाशीच बोलेनाशी झाली होती. बाईंनी तिला जवळ घेतलं. "जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला. मंग भंडाऱ्याहून गोंदियाले जाणारी गाडी बंद झाली का?" सोनूने नकारार्थी मान हलवली. "तशीच माय-बाबाच्या दोन घरांमधली तुयी गाडी चालू राहीन. तू फक्त बसायचं. गाडी वेळेवर आणायचं काम या दोघाईचं."

"बाबा नेहमी लेट करतेत," सोनू म्हणाली. कित्येक दिवसांनी तोंड उघडलं, तेही माझ्याविरुद्ध.

सोनू आईकडे राहील असं ठरलं, पण माझ्या भेटीचे दिवस ठरवताना आम्ही पुन्हा भांडलो. सोनूने कान झाकले. बाईंची नजर माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्यावर गेली.

"बाजारात बैलाचा भाव ओरडून ठरवता का?"

"नाही. दुपट्ट्याखाली, बोटं दाबून."

"काहून?"

"चार लोकाईले कळू नये म्हणून."

"मंग लेकराले काहून ऐकवता?"

मग आम्ही दुपट्ट्याखाली हात घालून बसलो. लग्नानंतर बायकोचा हात एवढा वेळ तेव्हाच धरला. एक बोट म्हणजे महिन्यातला एक रविवार, मूठ म्हणजे दिवाळी. हिला काय जमणार, असं मला वाटलं. पण ती करडी गावच्या बैलबाजारातल्या दलालाची लेक. रविवार निम्मे-निम्मे झाले. दिवाळीला मात्र तिने अशी मूठ आवळली, वर नखही लावलं, की संतापून मी हात बाहेर ओढला. आमच्या बाजारात हात काढला, की समोरच्याचा शेवटचा भाव मान्य.

"भाऊ, हात काढला तुम्ही," बाई म्हणाल्या. दिवाळी आईकडे गेली. सोनू पोट धरून हसत होती, म्हणून मी तिथे सोडून दिलं, एवढंच.

हा अन्याय मी बाईंना नंतर जिथे भेटतील तिथे ऐकवला. एसटी स्टँडवर, भाजीबाजारात, अगदी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही. हार गळ्यात असताना त्यांनी पिशवी उघडली.

बाई गेल्या वर्षी वारल्या. सोनू आता सज्ञान. तिचा ताबा कोणाकडेच नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती दारात उभी राहिली आणि माझ्या दुपट्ट्याखाली हात घातला. मूठ आवळली, मग अर्धी सैल केली.

"अर्धीच दिवाळी? अन् एवढ्या वर्षांच्या दिवाळ्या बुडाल्या त्याचं काय?" मी आवाज चढवला.

तिने माझ्या मोकळ्या हातावर फुटाणे ठेवले. "बाबा, आधी हे चावा."

चावत राहिलो. दुपट्ट्याखालचा हात मात्र या वेळी काढला नाही.