तीन किलोमीटर खोल बोअर

मी मूळची कराडची, पण विज्ञान शिकवते माण तालुक्यातल्या एका शाळेत. मागच्या वर्षी नववीला कोयनेतलं संशोधन समजावून सांगत होते. धरण झाल्यापासून तिथं इतके भूकंप का होतात, हे शोधायला शास्त्रज्ञांनी खडकात तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय, असं म्हणाले आणि वर्ग एका सुरात ओरडला, "पाणी लागलं का?"

"पाण्यासाठी नाही रे घेतलं!" मी वैतागले. पण दुष्काळी माणात बोअर म्हणजे पाणीच. पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ जिथं उभा राहील, तिथं बोअरची गाडी लावायची.

मग वाटलं, पोरं चुकीचं कुठं विचारतायत? धरणाचं पाणी भेगांमधून खोल मुरतं आणि त्याच्या दाबानं आधीच ताणलेला खडक सरकतो, असाच शास्त्रज्ञांचाही अंदाज आहे. मी तसं फळ्यावर काढून दाखवलं.

पुढच्या बाकावरची मुलगी चित्राकडं बघत राहिली. "मॅडम, धरणाचं पाणी एवढ्या खाली जातंय, मग आमच्या वाडीत का येत न्हाई?"

भूकंपाचं निदान अर्धं उत्तर तरी माझ्याकडं होतं.