अर्ध्यावरचा काटा
डिझेलचा वास आला की मामाची पिकअप आठवते आणि स्वतःचीच कीव येते. ऐंशीच्या दशकात बहिणीच्या लग्नाचं श्रीखंड पार्ल्याहून आरे कॉलनीमार्गे मुलुंडला न्यायचं होतं. निघताना मामा टाकीत काठी बुडवून डिझेल बघायला लागला. “गावठी धंदे सोड मामा, काटा अर्ध्यावर दिसतोय ना!” मी, नवाकोरा डिप्लोमावाला, त्याला ओढून गाडीत बसवलं. आरेच्या चढावर गाडीने आचके देऊन मान टाकली, तरी तो नालायक काटा अर्ध्यावरच! मामा थंडपणे म्हणाला, “आता डिप्लोमा ओत टाकीत.” मी धावतपळत डिझेल आणून मुलुंडला पोहोचेपर्यंत पंगत उठली होती. रिकाम्या वाट्यांसमोर बसलेल्या वऱ्हाडाचा फोटो अल्बममध्ये आला की बहीण अजूनही पान उलटत नाही, नुसती माझ्याकडे बघते.