पिवळी रेघ

रेघमामांना घाणीची किळस नव्हती. इंजिनातून काढलेलं काळंकुट्ट ऑइल ते बोटावर घेऊन नाकाशी नेत, दोन बोटांत चोळून त्यात धातूचा कीस आहे का बघत आणि बोटं फडक्याला पुसल्यासारखी करून त्याच हाताने चहाचा कप उचलत. त्यांना किळस यायची ती दोनच शब्दांची. कुणी 'चालतंय की' म्हणालं, की ताटात झुरळ निघाल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. "चालतंय म्हणजे अजून पडलेलं नाही," ते म्हणायचे. "यापलीकडे त्याला अर्थ नाही."

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. खडकीला कारखान्यात तपासनीस होते आणि निवृत्तीनंतर बिबवेवाडीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, स्कूटर आणि पोरांच्या सायकलींच्या मधोमध, त्यांची मोटरसायकल उभी असायची. साधी नव्हे. पुढे वाऱ्याला कापणारी मोठी काच, दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या, जोरातही धावणारी आणि दिवसभर बसलं तरी पाठ न मोडणारी अशी स्पोर्ट-टूरर. तेरा वर्षं ती त्यांच्याकडे होती आणि त्या तेरा वर्षांत एक लाख किलोमीटरच्या वर धावली. मामी मागच्या सीटवरून निम्मा देश बघून आल्या होत्या, तरी म्हणायच्या, "या चेनला घालतात त्याच्या निम्मं तेल माझ्या गुडघ्यांना घातलं असतं, तर मी पर्वती पळत चढले असते."

नाव रेघमामा पडलं ते पिवळ्या रेघेवरून. प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळायचा हे ठरलेलं असतं. टॉर्क रेंच नावाचा पाना त्या आकड्यावर लावला, की तेवढा जोर झाल्याबरोबर तो 'टक' करतो. मामा तो टक ऐकायचे आणि मग खिशातलं रंगाचं पेन काढून बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर एक सरळ पिवळी रेघ ओढायचे. बोल्ट सैल होऊन जरा जरी फिरला, तर रेघेचे दोन तुकडे होऊन ते एकमेकांसमोरून सरकतात. हात न लावता, उभ्याउभ्या कळतं. ही कारखान्यातली सवय. तिचा नियम एकच होता: ज्याने टक ऐकला त्यानेच रेघ काढायची. मामांच्या गाडीवर अशा शेकडो रेघा होत्या. लांबून बघणाऱ्याला वाटे, गाडीला हळद लागली आहे.

मला सुरुवातीला त्या गाडीचा रागच होता. मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबांची संघटना होती, पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे होते आणि पाठकोऱ्या पत्रकांवर मी बाराखडी गिरवली. शाळेत असतानाच मला 'शोषण' हा शब्द शुद्ध लिहिता यायचा आणि तो कुठेही वापरायची हौस होती. गाडी आली त्या दिवशी पेढा हातात घेऊन मी मामांना म्हणाले, "मामा, ही चैन आहे."

"आहेच," मामा म्हणाले. "तुझ्या आजोबांना वरच्या आळीतून जाताना सायकलवरून उतरावं लागायचं. उतरून, हातात धरून, ढकलत. मी बसून नेतो. पेढा खा."

मी पेढा खाल्ला.

गाडी जुनी होत गेली तशी माणसं कळत गेली. एका अधिकृत म्हणवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला मामांनी ऑइल फिल्टर बदलायला गाडी दिली. मी सोबत होते. देताना जुन्या फिल्टरवर त्यांनी रेघ ओढून ठेवली होती. संध्याकाळी गाडी चकचकीत पुसून परत आली आणि मामा गुडघ्यावर बसून खाली वाकले. तीच रेघ, तिथेच.

"फिल्टर बदलला?" मामांनी विचारलं.

"चेंज केलाय ना सर. बिलावर आहे बघा," काउंटरवरचा कडक इस्त्रीच्या शर्टातला मुलगा म्हणाला.

"बिलावर आहे हो. गाडीवर नाही."

मुलगा हसला. लाजला नाही, हसला! मग म्हणाला, "तसं जुन्यावरही चालतंय की सर. आणि खरं सांगू का, या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. तुम्ही नवीनच बघा ना, एक्स्चेंज ऑफर आहे." मामांनी त्याच्याकडे पाहिलं, किल्ली घेतली आणि पुन्हा त्या दारात गेले नाहीत. घरी येईपर्यंत मी शिव्या देत होते. मामा म्हणाले, "अगं संपादकबाई, त्या पोराला फिल्टरची चोरी नाही शिकवलेली. बघायचंच नाही, हे शिकवलंय. ते जास्त घाण आहे."

मग रायडिंग क्लबवाले. दर रविवारी कात्रजच्या पुढे चहाला थांबणारे, गुडघ्याला कवच आणि छातीला कॅमेरा बांधून वीस किलोमीटर जाणारे. त्यांच्यातले एक जाकीटवाले गृहस्थ मामांच्या गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "वा! कारखान्यातल्या नोकरीत अशी गाडी? छान छान. आपलं आडनाव काय म्हणालात?"

मामांनी अजून काहीच म्हटलेलं नव्हतं. त्यांनी चहा संपवला. "गाडीला विचारा. ती आडनावावर चालत नाही, क्लच प्लेटवर चालते."

ते गृहस्थ 'हॅ हॅ' करून निघून गेले. तो हॅ हॅ मला अजून ऐकू येतो. या शहरात विष असं कपबशीतून, 'आपण'-'आपण' करत देतात. मी तिथल्या तिथे भांडणार होते. मामांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चल. घाटात ब्रेक कसा धरायचा ते शिकवतो. ते यांच्यापेक्षा उपयोगाचं आहे."

हे सगळं लिहिताना मी किती ताठ बसले आहे! दुसऱ्यांची किळस लिहिताना पाठ आपोआप ताठ होते. आता जे लिहायचं आहे त्यात ती तशी राहणार नाही.

मी तेवीस वर्षांची होते. शहरात ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेले दोन कामगार गुदमरून मेले. दोघांना दोर, मास्क, सगळं दिलं होतं, अशी कंत्राटदाराच्या सुपरवायझरची रजिस्टरवर सही होती. दिलं काहीच नव्हतं. मी दोन दिवस झोपले नाही आणि पत्रक लिहिलं. मथळा होता: 'न बघता केलेली सही म्हणजे खून'. बाबा पहिल्यांदाच म्हणाले, एक शब्द बदलू नकोस. कसबा पेठेतल्या आमच्या नेहमीच्या छापखान्यात ते छपाईला गेलं.

त्या शनिवारी दुपारी मी मामांकडे होते. रविवारी त्यांना मामींना घेऊन वाईला जायचं होतं आणि पुढच्या ब्रेकचे पॅड बदलायचे होते. एव्हाना मला टॉर्क रेंच धरता येत होता. पॅड बसले. चाकाशी ब्रेक धरून ठेवणारा कॅलिपर दोन बोल्टवर असतो. वरचा मी आवळला, टक ऐकला, रेघ काढली. तेवढ्यात वरून मामींची हाक आली, सिलिंडर आलाय. "खालचा तू कर," म्हणत मामा जिना चढले. मी खालचा बोल्ट हाताने फिरवून बसवला आणि माझा फोन वाजला. छापखान्यातून होता. मथळा एका ओळीत बसत नाही, 'खून' खालच्या ओळीत टाकू का?

नाही, म्हटलं. एका ओळीतच. मी येते.

पाना शेजारीच पडला होता. दोन फेऱ्यांचं काम. मी बोल्टला बोट लावून पाहिलं, घट्ट वाटला. माझ्या मनात आलेले शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात: चालतंय की. मी पेन घेतलं, त्या बोल्टवर सुंदर, सरळ, पिवळी रेघ ओढली आणि कसब्याकडे धावले. 'खून' एका ओळीत बसवायला.

पुढच्या आठवड्यात पत्रकाचा गठ्ठा घेऊन मी बिबवेवाडीला गेले. निम्मी पत्रकं वाटून झाली होती, लोक फोन करत होते, मी हवेत होते. मामांनी चष्मा लावून पत्रक पूर्ण वाचलं.

"चांगलं लिहिलंयस. ज्याने न बघता सही केली त्याला खुनी म्हटलंयस."

"मग काय म्हणू?"

"बरोबरच आहे. खाली चल."

गाडीपाशी ते वाकले आणि बोट दाखवलं. कॅलिपरच्या वरच्या बोल्टवर माझी रेघ होती. खालचा कोरा होता, रंग घासून काढलेला.

"शिरवळला चहाला थांबलो," मामा म्हणाले. "चहाआधी मी रेघा बघतो, तुला माहितेय. ही तुटली होती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. पुढे खंबाटकीचा उतार होता."

"मामा, फोन आला होता, छापखान्यातून. घाई..."

"फोन त्या सुपरवायझरलाही आला असेल."

मामा आवाज न चढवता म्हणाले, "तुझी मामी मागे बसली होती." मग माझ्या हातातलं पत्रक पुन्हा एकदा बघून म्हणाले, "यात सगळीकडे 'ते' आहे. एखाद्या ठिकाणी 'आम्ही' राहून गेलंय का बघ." माझ्या पर्समध्ये रंगाचं एक पेन असायचं, त्यांनीच दिलेलं. त्यांनी हात पुढे केला. मी ते परत दिलं. "इथून पुढे आवळायचं काम कर. रेघ काढायची नाही."

उरलेली पत्रकं मी वाटली. मजकूर खराच होता. वाटणारा हात खोटा होता. प्रत्येक पत्रक देताना मला माझ्या बोटांची किळस येत होती आणि लोक म्हणत होते, फार धारदार लिहिता हो तुम्ही.

मामींना मी स्वतःच सांगितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. म्हणाल्या, "मला वाटलं, टायर बघतायत. म्हणजे मी तिथे वडापाव खात होते आणि..." मामांनी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

चार वर्षं मी दर महिन्याला जात राहिले. मी आवळायची, मामा शेजारी उभे राहून टक ऐकायचे आणि रेघ काढायचे. अपमान वाटायचा. एकदा चिडून म्हणाले, "किती दिवस?" मामा म्हणाले, "तारीख द्यायला मी कोर्ट आहे का?" खालच्या बोल्टवर मात्र त्यांनीही कधी रेघ काढली नाही. तो ते दर वेळी पान्याने तपासायचे आणि कोरा ठेवायचे.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहा बशीत सांडू लागला, मग रेघा वाकड्या येऊ लागल्या. मामांनी गाडी चालवणं एका दिवसात सोडलं, कुणी सांगायच्या आत. पण पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर येऊन बसायचे. एका दुपारी मी मागच्या चाकाचा नट आवळत होते. टक झाला. मामा पेन घेऊन उठू लागले, परत बसले. पेन माझ्यासमोर धरलं. ते हवेत हलत होतं.

"काढ."

"मी?"

"मग काय वॉचमनला बोलावू?"

मी रेघ काढली. सरळ आली. मी पुढच्या चाकाकडे बोट केलं. "आणि तो?"

"तो तुझा आहे," मामा म्हणाले. "तुझा तू बघ."

गेल्या वर्षी मामा गेले. विहारातून वंदना आटोपून आम्ही घरी आलो, तोवर क्लबच्या ग्रुपवर त्यांचा फोटो फिरत होता, खाली हात जोडल्याची चित्रं. चौथ्या चित्राखाली एकाने विचारलं होतं, गाडी विकणार आहेत का, कंडिशन कशी आहे. आठ दिवसांनी ते जाकीटवाले स्वतःच बिबवेवाडीला आले. मामींना नमस्कार करून झाला, 'फार शिस्तीचा माणूस' म्हणून झालं, आणि मग पार्किंगमध्ये गाडीभोवती तशीच फेरी मारत ते मला म्हणाले, "हे पिवळं पिवळं थिनरने निघेल ना?"

"निघेल," मी म्हणाले. "आधी तुम्ही निघा."

मामींनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

आता गाडी माझ्याकडे असते. समोरच्या दिव्याची काच पिवळट झाली आहे, सीटचा फोम बसलाय, एका पेटीचं कुलूप बुक्की मारल्याशिवाय उघडत नाही, आणि भेटेल तो मेकॅनिक सांगतो की ताई, हिला आता विका. मी लिहितेच आहे. खोट्या सह्यांची मला किळस आहे आणि ती कमी झालेली नाही. फक्त 'ते' लिहिलं की पेन थांबतं.

सगळ्या बोल्टवर रेघा आहेत, निम्म्या मामांच्या, निम्म्या माझ्या. त्या मी उभ्याने बघते. तो एक बोल्ट अजून कोरा आहे. मामांनी परवानगी दिली होती, पेन माझ्या खिशात आहे, कुणी विचारणारं नाही. पण रेघ असती, तर त्याच्याकडेही मी उभ्याने बघितलं असतं. म्हणून दर वेळी निघण्याआधी मी खाली फरशीवर गुडघे टेकते, पाना लावते आणि टक ऐकू येईपर्यंत उठत नाही.