पेणच्या बंगल्याचे मालक

पेणचा तो ऐतिहासिक बंगला आम्ही पाहिला नाही. तासभर आत फिरलो, तरीही पाहिला नाही.

धाटावच्या कंपनीतून मी रिटायर झालो आणि मुलाकडे बंगळुरूला कायमचं जायचं ठरलं. (ठरवलं मी आणि मुलानं. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, कळवण्यात आलं!) तेव्हापासून ती गप्प होती. अष्टमी गावातलं आमचं घर रिकामं होत होतं, शेजारणी येऊन कुंड्या नेत होत्या, आणि ही नुसती खोकी बांधत होती. शेवटच्या रविवारी मी म्हटलं, "तुला पेणचा तो गोऱ्या साहेबाचा बंगला बघायचा होता ना? चल."

तीस वर्षं ती म्हणत होती. तीस वर्षं माझी शिफ्ट होती.

पेणला उतरल्यावर दोन गल्ल्या वळलो, तर जुनं कौलारू घर. दार सताड उघडं. ओटीवर एक म्हातारी वाल सोलत बसलेली. तिकीटवाली, मी लगेच ओळखलं!

"आत बघायला यायचं ना?" मी विचारलं.

"या की! ये गो बाय," ती सुमनला म्हणाली.

"तिकीट किती?"

"तिकीट कसला? बसा, च्या ठेवते."

इतकी चोख व्यवस्था मी कुठंच पाहिली नव्हती! "हा बघ साहेबाचा पलंग," मी गादी दाबून दाखवली. उशाशी ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या.

"अहो, या गोळ्या..." सुमन कुजबुजली.

"देखावा जिवंत वाटावा म्हणून ठेवतात!"

दोरीवरचं ओलं लुगडंही मी इतिहासात बसवलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

"हे कोण?"

"आमचे मालक."

"म्हणजे बंगल्याचे मूळ मालक! कधी वारले?"

"गेल्या पावसाळ्यात."

"गेल्या शतकात म्हणायचंय तुम्हाला," मी चूक सुधारली.

सुमननं कपाळाला हात लावला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मालक म्हणजे नवरा! मी जो पळालो तो घाईत थेट मागल्या पायरीवर. तिथं अनवाणी उभा असताना आतलं बोलणं ऐकू आलं.

"तो बंगला पलीकडच्या आळीत हाय. तुमी चुकलाव ते मना दारातच कळला."

"मग बोललात का नाही?"

"मी बोलली असती तर तुमी गेलाव असता. मालक गेल्यापासून कोण येत नाय गो."

कपबशी वाजली. मग सुमनचा आवाज आला, "मला नाही हो जायचं बंगळुरूला. बाराव्या मजल्यावर बोलू कुणाशी?"

महिनाभर मला न सांगितलेली गोष्ट तिनं अनोळखी बाईला पहिल्या कपालाच सांगितली.

परतीच्या एस्टीत मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

गडब गेलं, नागोठणं गेलं, मी खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत राहिलो.

पण बंगळुरूची तिकिटं काढलेली, घर दुसऱ्याला दिलेलं. आम्ही गेलो. इथं समोरच्या दारावरचं नाव कानडीत आहे, ते आम्हाला अजून वाचता येत नाही. रविवारी सुमन पेणला फोन लावते आणि म्हातारीशी तासभर बोलते. आठवड्यात घरात आवाज होतो तो तेवढाच. मीही पेपर घेऊन तिथंच घुटमळतो. कधीतरी माझी चौकशी होईल, चार शब्द मलाही बोलता येतील. परवा सुमननं खरंच फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ करून लगबगीनं पुढं झालो!

"अहो," ती म्हणाली, "जरा पंखा बंद करा. काही ऐकू येत नाही."