साडभाऊंचा शाळा-रोवणा

माझ्या साडभाऊंच्या ताब्यात भंडारा जिल्हा आठवडाभर दिला, तर आठवडा संपायच्या आत जिल्ह्यातली एकही वस्तू जागेवर सापडणार नाही, आणि गंमत म्हणजे कुणाचं काही अडणारही नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिघोरीकडच्या एका लहानशा जिल्हा परिषद शाळेत गुरुजी म्हणून लागले आणि तिथेच मुख्याध्यापक होऊन त्यांनी केस पिकवले. एखादी वस्तू एका ठिकाणी स्वस्थ बसलेली त्यांना बघवतच नाही. तुम्हीआम्ही अशा वस्तूला अडगळ म्हणतो. साडभाऊ तिच्याकडे बदली राहून गेलेल्या कर्मचाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात. मग मान तिरकी होते, भुवया वर जातात आणि ते ठरलेलं वाक्य येतं, "हे आपल्यापाशी हाये, त्यायच्यापाशी नाही. मंग हे इथं काहून?" हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं की ती वस्तू गेलीच म्हणून समजावं.

मी हे अनुभवाने सांगतो आहे. साकोलीत बसस्टँडजवळ माझं कापडाचं दुकान आहे. वडिलांच्या वेळची लोखंडी मीटरपट्टी तिथे होती, आणि एक लाकडीही होती. एका दुपारी साडभाऊ टेकले, चहा घेतला आणि मान तिरकी झाली. "साडभाऊ," ते म्हणाले (आम्ही दोघंही एकमेकांना साडभाऊच म्हणतो, त्यामुळे घरात कुणी हाक मारली की दोघंही ओ देतो), "एका टायमाले पट्ट्या किती धरता तुमी?" मी म्हटलं, "एकच." "मंग?" एवढंच विचारून ते लोखंडी पट्टी काखेत मारून निघालेसुद्धा. पोरांना मीटर म्हणजे काय ते हाताने कळलं पाहिजे, चार दिवसांत परत आणून देतो, असं पायरीवरून सांगितलं. त्या चार दिवसांत माझा मुलगा कॉलेजात गेला. पट्टीची खबर मात्र अधूनमधून मिळत असे. आज लाखांदूरकडे आहे, परवा पवनीकडे गेली, एका शाळेत पोरांनी तिने अख्खं पटांगण मोजलं. मी भेटेन तेव्हा पट्टी मागायचो आणि ते दर वेळी प्रेमाने म्हणायचे, "फिरून राहिली ना जी! बसून थोडीच हाये!"

या फिरवाफिरवीला शिस्त लागली ती धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात. साडभाऊ गणितात वाघ, पण गाण्याच्या बाबतीत त्यांचा गळा असा की राष्ट्रगीतसुद्धा ते मनातल्या मनात म्हणतात. त्यांच्या शाळेतली पोरं अपूर्णांक तोंडी सोडवायची आणि कविता मात्र पाढ्याच्या चालीवर म्हणायची. उलट पवनी तालुक्यात, आसगावकडच्या एका शाळेतल्या तरुण मॅडमचा आवाज इतका गोड की रस्त्याने जाणारे सायकल थांबवून ऐकत. पण भागाकार आला की त्या आधी खिडकीबाहेर बघत आणि मग घड्याळाकडे. एकदा रोवणीच्या दिवसांत साडभाऊ शाळेच्या कुंपणाशी उभे होते. समोरच्या बांधीत बाया चिखलात वाकून पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, रोवत होत्या. आज हिच्या बांधीत सगळ्या, उद्या तिच्या बांधीत सगळ्या, असं त्यांचं आपसात ठरलेलं. साडभाऊंची मान तिरकी झाली. दुसऱ्याच दिवशी ते त्या गाणाऱ्या मॅडमच्या शाळेत जाऊन थडकले आणि म्हणाले, "मॅडम, आपनबी रोवणा करू. माहा भागाकार तुमच्या बांधीत, तुमचं गानं माह्या बांधीत." मॅडमना वाटलं गुरुजींना ऊन लागलं. पण पुढच्या गुरुवारी त्या खरंच आल्या, साडभाऊ तिकडे गेले, आणि जिल्ह्यात शाळांचा रोवणा सुरू झाला.

मग गुरुवार हा वारच वेगळा झाला. एका शाळेत चित्रं काढणारे सर होते, एकीकडे प्रोजेक्टर होता, एका शाळेची परसबाग अशी की वांगी तोडायला पोरांनी रांग लावावी. एका गावाने तर मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाचा जुना पडदा शाळेला दिला होता, त्यावर राजवाडा रंगवलेला. साडभाऊंनी तो पडदा इतक्या शाळांतून फिरवला की इतिहासाचा कुठलाही धडा असो, लढाई त्याच राजवाड्यापुढे होई. गुरुवारी प्रत्येक शाळेतला एक शिक्षक दुसऱ्या शाळेत जायचा, आणि सामान न्यायचं काम साडभाऊंच्या मोटारसायकलचं. एकदा तर त्यांनी खिचडी शिजवणाऱ्या बाईंनाच दुसऱ्या शाळेत नेलं, तिथल्या बाईंना फोडणी दाखवायला. दुपारी त्या परत निघाल्या तर पोरं फाटक लावून उभी! शेवटी गाणाऱ्या मॅडमनी भजन सुरू करून पोरांचं लक्ष वेधलं, तेव्हा कुठे बाई मागच्या दाराने सुटल्या.

पण या सगळ्यांत मानाचा प्रवासी म्हणजे सांगाडा. विज्ञानासाठी एका मोठ्या शाळेने आणलेला प्लॅस्टिकचा माणसाचा सांगाडा साडभाऊंनी मिळवला आणि तो मागच्या सीटवर बसवून ते तालुकाभर हिंडू लागले. त्याला ते आधी ताईंच्या, म्हणजे आमच्या मेहुणीबाईंच्या, जुन्या ओढणीने कमरेशी बांधत आणि मग एक खास गाठ मारत. ती गाठ दुसऱ्या कुणाला जमत नाही असा त्यांचा अभिमान होता. सुरुवातीला बांधीतल्या बाया किंचाळून चिखलात बसायच्या. पुढे सवय झाली आणि त्या हात करून विचारू लागल्या, "गुरुजी, पाहुन्याले जेवाले देता का नाही जी?" हायवेवर एकदा पोलिसाने अडवलं. सांगाड्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळून तो म्हणाला, "मागच्याचं हेल्मेट कुठं हाये?" साडभाऊ पडले कायद्याचे भक्त. त्या दिवसापासून सांगाड्याला हेल्मेट आलं. ते कुणाचं होतं हे मी विचारलं नाही, माझं घरी आहे का तेवढं पाहून घेतलं.

एवढं सगळं हसतखेळत चाललेलं असलं तरी साडभाऊंच्या मनात एक भीती होती, आणि ती त्यांनी मला एकदा दुकानात बसून बोलून दाखवली. निवृत्ती जवळ आली होती. "साडभाऊ, मी घरी बसलो का हे सारं बंद पडन," ते म्हणाले. मी म्हटलं, "छे हो, इतक्या शाळा आहेत, कुणीतरी पुढे नेईलच." ते चहा अर्धाच टाकून उठले. दुकानात येऊन त्यांनी कुठल्याच वस्तूकडे मान तिरकी केली नाही, असा तो एकमेव दिवस. मला ते बरं वाटलं नाही.

आणि त्यांची भीती खरी आहे हे भंडाऱ्याहून आलेल्या एका अधिकारी बाईंनी नेमकं तोंडावर सांगितलं. त्या तपासणीला आल्या त्या गुरुवारीच. साडभाऊंच्या शाळेत पाहतात तर मुख्याध्यापक गायब, आणि वर्गात भलत्याच तालुक्यातल्या मॅडम पोरांना समूहगीत शिकवत आहेत. "गुरुजी कुठे?" "पुढच्या शाळेत." बाईंनी जीप पुढच्या शाळेकडे वळवली. तिथे चित्रांचे सर तिसऱ्याच शाळेचे, आणि गुरुजी आत्ताच गेले. त्याच्या पुढे गेल्या, तिथेही तेच. प्रत्येक ठिकाणी हजेरीपटावर एक माणूस आणि वर्गात दुसराच. आणि प्रत्येक ठिकाणी पोरं मात्र कामात अशी गुंग की बाईंना रागवायला नीट जागा सापडेना. त्यात प्रत्येक शाळेत पोहे. शेवटी एका बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, पाळीवर कमळांकडे तोंड करून दोघं बसलेले त्यांना दिसले. एक साडभाऊ, दुसरा हेल्मेट घातलेला सांगाडा. गाडी पंक्चर झाली होती. बाईंनी जीप थांबवली आणि साडभाऊ उठून नमस्कार करत म्हणाले, "बरं झालं मॅडम, तुमच्यापाशी जीप हाये, आमच्यापाशी नाही."

तर सरकारी जीपमधून सांगाडा पुढच्या शाळेत पोचला. बाईंनी नोटीस काढली नाही. पण उतरताना त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, काम चांगलं आहे, मी ते वर सांगेन. पण हे शाळा मिळून करत नाहीत. हे तुमची मोटारसायकल करते. तुम्ही गेल्यावर काय?" साडभाऊ ओरडणं पचवू शकतात, आयुष्यभर त्यांनी ते पचवलं आहे. हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्यानंतर त्यांनी दुसऱ्यांना तयार करायचं मनावर घेतलं, आणि हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत फसलेला उपक्रम. बुधवारी फोन करून सांगायचे, "मॅडम, उद्या सांगाडा तुमी न्या, मी हातबी लावत नाही." आणि गुरुवारी मॅडम स्कूटी घेऊन पोचायच्या तर साडभाऊ पहाटेच सांगाडा नेऊन परतीच्या वाटेवर भेटायचे. विचारलं तर म्हणायचे, "झोप नाही लागली न, मंग म्हटलं नेऊन टाकू." ताई कपाळाला हात लावायच्या. "यायले काम सोपवता येते, सोडता येत नाही," असं त्या माझ्यादेखत म्हणाल्या.

निवृत्तीच्या दिवशी शाळेत मांडव पडला. सोबतच्या प्रत्येक शाळेने शाल आणली होती. साडभाऊ व्यासपीठावर बसल्याबसल्या शालींचा ढीग पाहत होते आणि मला दूरवरून दिसलं की मान तिरकी होते आहे. आभाराच्या भाषणात त्यांनी सगळ्या शाली वाटून टाकल्या, कुणाच्या नाटकात राजाला अंगवस्त्र नव्हतं, कुणाच्या बालवाडीत लेकरांना दुपारी अंथरायला नव्हतं. नारळ खिचडीवाल्या बाईंकडे गेले. ताईंसाठी आणलेलं लुगडंसुद्धा निघालं होतं, पण ताईंनी ते मांडीखाली दाबून धरलं. सगळा मांडव हसत होता. मीही हसत होतो, आणि डोळे पुसत होतो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी सकाळी ताईंचा फोन आला. "भाऊजी, तुमी या बरं. हे सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसले. चहाबी नाही घेतला." मी दुकान मुलावर सोडून निघालो. साडभाऊंचं घर गावाबाहेर, रस्त्याला लागून. मोटारसायकल धुऊन पुसून उभी, मागच्या सीटवर ओढणी घडी करून ठेवलेली, आणि खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून साडभाऊ. मोबाईल मांडीवर उताणा. मी शेजारी पायरीवर बसलो. समोरच्या बांध्यांत रोवणी चालली होती.

रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "कोनाचाच फोन नाही आला."

"येईल हो."

"येत नाही आता. दहा वाजून गेले. कोन्या शाळेत काय न्यायचं, कोनी विचारलं नाही. बंद पडलं, साडभाऊ." त्यांचा आवाज असा बारीक मी कधी ऐकला नव्हता. त्या पट्टीवरून त्यांना चिडवावं असा विचार मनात आला, पण आज ती चेष्टा नको वाटली.

तेवढ्यात दिघोरीच्या बाजूने हॉर्न आला. एक स्कूटी. चालवत होत्या त्या गाणाऱ्या मॅडम, आणि त्यांच्या मागे, हेल्मेट घालून, ताठ बसलेला सांगाडा. स्कूटीमागे मोटारसायकलवर चित्रांचे सर, त्यांच्या मागच्या सीटवर गुंडाळलेला राजवाडा. आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. साडभाऊंनी हात वर केला. मॅडमनी हसून, स्कूटी न थांबवता ओरडून सांगितलं, "गुरुजी, उशीर होऊन राहिला जी! पोरं वाट पाहून राहिले!" आणि दोन्ही गाड्या वळणाआड गेल्या. बांधीतल्या एका बाईने वाकल्यावाकल्या पाहुण्याला हात केला.

साडभाऊंचा हात तसाच वर राहिला होता. "फोन काहून नाही केला मंग?" ते पुटपुटले, आणि लगेच त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं असावं, कारण चेहरा एकदम उजळला. "कायले करतीन? त्यायचं त्यायनं ठरवलं न! पाहलं का साडभाऊ? मले विचारलंबी नाही!" त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पायरीवरून घसरलो. ते हसत होते, ताईंना हाका मारत होते, चहा मागत होते. मग खुर्चीत बसले आणि वळणाकडे बघता बघता हळूच म्हणाले, "मले विचारलंबी नाही."

चहा झाला. त्यांनी सीटवरची ओढणी उचलली, झटकली आणि ताईंच्या हाती दिली. "सांगाड्याची गाठ ढिली बांधली मॅडमनं," एवढं म्हणाले. मी निघायला उठलो तर फाटकापर्यंत सोडायला आले आणि इतक्या वर्षांत प्रथमच आपणहून म्हणाले, "साडभाऊ, तुमची लोखंडी पट्टी. मॅडमले सांगून परत आनून देऊ का?"

त्या पट्टीसाठी मी त्यांना किती वेळा टोकलं असेल, याचा हिशोब नाही. पण त्या क्षणी मला ती नको होती, आणि त्यांनी ती मॅडमना विचारून आणून द्यावी हे तर मुळीच नको होतं. मी गाडीला किक मारली आणि म्हटलं, "राहू द्या. माझ्यापाशी लाकडी आहे, त्यांच्यापाशी नाही."

साडभाऊंनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. मी वळणावर पोचेपर्यंत ते तिथेच, फाटकाला धरून उभे होते.