लेकीचा घसा

गल्लीच्या तोंडाशी सलून चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. कात्री थांबेल, पण याच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. बायको गेल्यावर मात्र घरात तो आणि त्याची लेक, दोघंच. तिथं बोलायचं काम लेकीचं.

आता तीही गप्प होती. टॉन्सिल आणि नाकामागची वाढलेली गाठ काढून डॉक्टरांनी तिला घरी सोडलं होतं. कायम तोंड उघडं टाकून घोरणारी पोर इतकी शांत झोपे, की तो वाकून तिचा श्वास बघे.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग तिनं पाणी पिणंच सोडलं. कान धरून रडू लागली. घशात पांढरे चट्टे दिसले. त्यानं इस्पितळातल्या नर्सबाईंना फोन लावला.

“घशाचंच दुखणं कानात उठतं,” त्या म्हणाल्या. “चट्टे म्हणजे खपल्या, त्यांना हात लावू नका. दुखण्याचं औषध वेळेवर द्या आणि पाणी पाजत राहा. पण रक्त दिसलं किंवा ती झोपेत सारखी गिळायला लागली, तर थेट इकडे आणा.”

तो चमचा घेऊन बसला. “एक घोट, बाळा.” ती मान फिरवी. दिवसभर लोकांच्या माना हव्या तशा वळवणाऱ्याला ही एक मान वळवता येईना.

त्या दुपारी ती झोपली होती. तिनं आवंढा गिळला. परत गिळला. परत. त्यानं तिला उठवून बसवलं, तोंडात बॅटरी मारली. घसा रक्तानं भरला होता.

शेजारच्या भाजीवाल्यानं टेम्पो काढला. “गिळू नकोस, थुंक,” एवढंच तो लेकीला वाटभर म्हणत राहिला. त्याच्या शर्टाची बाही रक्तानं भिजली.

तिला आत नेलं. तो बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. बायकोला नेलं तेव्हाही याच भिंतीशी तो उभा होता, आणि घरी एकटाच परतला होता.

नर्सबाई बाहेर आल्या. “रक्त थांबलं. वेळेत आणलंत.”

तो तोंडावर हात धरून रडला.

घरी आल्यावर काही दिवसांनी तिनं स्वतःहून मऊ दूधभात मागितला. गिळताना डोळे घट्ट मिटी, तरी खात राहिली. मग वाटी पुढे सरकवून म्हणाली, “बाबा, तूपण खा ना.”

उरलेला भात त्यानं तिच्याच चमच्यानं खाल्ला.