डावी बाही

लकडगंजात आरा मशीनवर ज्याचे हात घडले, त्याला हलक्या हाताने काम कर म्हणणं म्हणजे बैलाला दबक्या पावलांनी चाल म्हणण्यासारखं आहे. सागाचे ओंडके पात्यासमोर रेटून रेटून माझे तळवे इतके निबर झालेत की उकळता चहाही हाताला कोमट लागतो. त्यात राग नाकावर. असा माणूस बायकोच्या सुजल्या हाताला मालीश करायला बसला, तर व्हायचं तेच झालं.

तिच्या ऑपरेशनमध्ये डाव्या छातीबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. आजार निघाला, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी दवाखान्याबाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसून पोटभर रडलो. जखम भरली. मग उन्हाळ्याच्या तोंडावर तिचा डावा हात सुजायला लागला. आधी बांगड्या रुतल्या, मग बोटं फुगली, मग कोपराची खळी दिसेनाशी झाली.

हिने आयुष्यभर मोहल्ल्यातल्या बायांचे ब्लाउज शिवले. बाही अंगात घातली की ती दोन बोटांनी कापडाची चिमूट घेऊन बघायची. चिमटीत कापड आलं की बाही सैल, पुन्हा उसव. आता ती स्वतःच्याच ब्लाउजांच्या डाव्या बाह्या उसवून सैल करत बसली होती. एकच ब्लाउज तिने बाजूला ठेवला. पांढरा. दरवर्षी दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जातो, त्यासाठी ऑपरेशनच्या आधी शिवून ठेवलेला.

"हा बसला तं येईन," ती म्हणाली, "नाई तं तुमी जा."

लग्न झाल्यापासून ती एकदाही चुकली नव्हती. न जाणं म्हणजे तिच्या दृष्टीने बरं न होणं, हे मला कळत होतं.

सूज म्हणजे साचलेलं पाणी, रेटलं की निघेल, असं माझं साधं गणित. तिळाचं तेल घेतलं आणि मनगटापासून वर असा काही जोर लावला की तिने दात आवळले. "अवो, लाकूड नाई हाये हे," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत हात लालबुंद झाला, सूज आणखी वाढली. अति तिथे माती.

मग आम्ही धरमपेठेतल्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे गेलो. वयाने आमच्या मुलीएवढी. तिने तेलाची बाटली परत पिशवीत ठेवायला लावली आणि मला म्हणाली, "काका, डोळा मिटा. आता बोटाने पापणी सरकवा. जेवढा जोर लावला तेवढाच इथे लावायचा. कातडी सरकली पाहिजे, मांस दबायला नको."

मी म्हटलं, हे काय मालीश झालं? हे तर माशी हाकलणं झालं.

ती हसली नाही. तिने मानेपासून सुरुवात केली. मग उजवी काख, जिथे काहीच झालं नव्हतं. सुजलेला हात तसाच बाजूला पडलेला. मला राहवलं नाही. "दुखणं डाव्या हातात आहे मॅडम."

"सिग्नलवर पुढची गाडी निघाल्याशिवाय मागची निघते का काका? तुम्ही नुसते मागून हॉर्न वाजवून राहिले होते." गाठी काढल्यामुळे डाव्या काखेतली पाण्याची वाट बंद झाली आहे, हे तिने समजावून सांगितलं. म्हणून आधी उजवीकडे जागा करायची, मग छातीवरून वाट पाडायची, मग दंड, मग कोपर, आणि बोटं सगळ्यात शेवटी. नंतर पट्टी. जाताना तिने टेपने हात मोजला, तर हिने लगेच टोकलं, "टेप सैल धरला तुमी."

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी आठवल्या की अजून मला झोप आणि जाग यांच्या मधलं काहीतरी वाटतं. हुडकेश्वरच्या आमच्या खोलीत खिडकीला चादर लावलेली, तिच्यातून गाळून येणारा पिवळट उजेड, कूलरच्या ताट्यांवरून ठिबकणारं पाणी, ओल्या वाळ्याचा वास. माझा हात तिच्या मानेवरून सावकाश सरकायचा आणि थांबायचा, सरकायचा आणि थांबायचा. थोड्या वेळाने कूलरचं पाणी कोणतं आणि तिच्या अंगातलं कोणतं, तेच कळेनासं व्हायचं. गल्लीतून कुणी भंगारवाला ओरडत गेला की तो आवाज फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटायचा. ती डोळे मिटून म्हणायची, "तुमच्या हाताले सागाचा वास येते." मला ते फार आवडायचं.

पण गळ्यापासून पोटापर्यंत तिने टॉवेल ओढलेला असायचा आणि त्याचं टोक उजव्या मुठीत घट्ट. मी मान करायचो, उजवी काख करायचो आणि छाती ओलांडून सरळ दंडावर उडी मारायचो. हात जरा मऊ व्हायचा, संध्याकाळी पुन्हा भरायचा. मॅडम टेप लावायच्या, कपाळाला आठी घालायच्या. "काका, मधली वाट करता ना?" आम्ही दोघंही फरशीकडे बघायचो.

पावसाळा अर्धा सरला तरी तसंच. एका दुपारी लाइट गेली. कूलर थांबला आणि खोलीत एकदम इतकी शांतता झाली की तिचा श्वास ऐकू आला. मी नेहमीसारखा मधला भाग सोडून दंडाकडे गेलो, तेव्हा डोळे न उघडता ती म्हणाली, "तुमाले पाहवत नाई ना?"

"काय वं?"

"मी टॉवेल धरतो, मले मालूम हाये. पण तुमीबी कदी म्हटलं नाई, सोड म्हणून. शिसारी येत असंन."

मला राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. "शिसारी काहून येईन? मले भेव वाटते वं. माह्या ह्या हातानं तुले लागंन म्हणून."

मग तिची मूठ सैल झाली. टॉवेल तिनेच बाजूला केला, माझा हात धरला आणि ठेवला.

टाक्यांची रेघ बोटाखाली लागली. मी पापणी आठवली. कातडी जरा सरकली, थांबली, पुन्हा सरकली, डावीकडून उजवीकडे.

"टाके पाहा कसे मारले," ती डोळे मिटूनच म्हणाली. "म्या याहून बरे मारले असते."

आम्ही हसलो. हसता हसता ती झोपून गेली, आणि लाइट आली तरी मी थांबलो नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी तिला त्या दुपारी जितकं पाहिलं तितकं लग्नाच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्यानंतर हात उतरू लागला. पूर्ण नाही, तो पूर्ण उतरत नसतो असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. पण कोपराची खळी परत दिसली.

दसऱ्याच्या सकाळी तिने पांढरा ब्लाउज काढला. उजवी बाही सहज गेली. डावी कोपरापाशी अडली. मी पुढे झालो आणि कापड दोन बोटांनी हळूच सरकवू लागलो, अगदी शिकवल्यासारखं. बाही हलेना. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं. मीही घाबरलो आणि आणखीच हलका झालो.

"अवो," ती एकदम खेकसली, "कापड हाये ते! लावा ना जोर!"

मी लावला. बाही दंडावर चढली आणि खांद्याशी जाऊन बसली. तिने हात वर केला, खाली केला, कुठे रुतत नाही ते पाहिलं. मग सवयीने आधी उजव्या बाहीची चिमूट घेतली. आजारात तिचं अंग वाळलं होतं, चिमटीत बरंच कापड आलं. डाव्या बाहीची घेतली. काहीच आलं नाही.

"उजवी बिघडली," ती म्हणाली. "डावी मात्र बराबर बसली."